रॉटरडॅम हे गाव नव्हे

अमेरिकेतल्या जुन्या जर्मन घराण्यांत मूळ पुरुषाची चौकशी केली की एक उत्तर हमखास मिळतं: "तो रॉटरडॅमहून आला." कागदही तेच म्हणतो. अठराव्या शतकात फिलाडेल्फियाच्या कोर्टात नोंदलेल्या जहाजांच्या याद्यांवर मथळा ठरलेला असे. अमुक जहाज, अमुक कप्तान, रॉटरडॅमहून निघालेलं, शेवटचा थांबा काउज, त्यातून उतरलेले पॅलाटाइन. आता रॉटरडॅम म्हणजे जहाज पकडायचं बंदर. काउज म्हणजे इंग्लंडच्या दक्षिणेचं, इंग्रजी वसाहतींकडे जाण्याआधी जकातीचे सोपस्कार उरकायचं बंदर. आणि 'पॅलाटाइन' ही निव्वळ कारकुनाची सोय. ऱ्हाइनकाठच्या पॅलाटिनेटचा शेतकरी असो, व्युर्टेम्बर्गचा विणकर असो की बर्नकडचा स्विस, सगळ्यांना त्याच एका पोत्यात भरलेलं. मथळ्यात इतकं सगळं आहे, फक्त माणसाचं गाव नाही.

आणि गावाशिवाय पुढचं एकही दार उघडत नाही. त्या काळी जर्मनी नावाचा एक देश नव्हता; शेकडो लहानमोठी संस्थानं होती. जन्म, लग्न, मरण यांची नोंद ना राजधानीत, ना कुठल्या मध्यवर्ती कचेरीत. ती गावच्या चर्चच्या वहीत, पाद्रीबुवांच्या अक्षरात. त्र्यंबकेश्वरला उपाध्ये आधी गाव विचारतात आणि मगच वही काढतात, तसाच हा मामला. फरक इतकाच, की इथे गाव सांगणारा माणूस तीनशे वर्षांपूर्वी समुद्र ओलांडून गेला आणि बहुतेक वेळा मुलांना गावाचं नाव न सांगताच गेला.

म्हणून या शोधाचा पहिला नियम म्हणजे जर्मनीत उडी मारायची नाही. नवखा माणूस संगणकावर 'योहान म्युलर, जन्म १७१०' असं टाकतो, शेकडो योहान म्युलर समोर येतात, त्यातला सोयीचा एक उचलून तो वंशवृक्षाला चिकटवतो. ऑनलाइन वंशवृक्षांत असे चिकटवलेले पूर्वज किती असतील याची गणतीच नको. एकाने केलेली चूक बाकीचे उतरवून घेतात आणि मग तीच पुरावा म्हणून मिरवते. अमेरिकेतल्या टोकापासून एकेक पिढी मागे जात, आलेल्या माणसाभोवतीचा सगळा कागद आधी गोळा करायचा. या कामाला महिने लागतात आणि ते चुकवता येत नाही.

सुरुवात जहाजाच्या यादीपासून नाही, पण सगळ्यांना तीच आधी बघायची असते, तर ती बघू. १६८३ मध्ये क्रेफेल्डची तेरा कुटुंबं 'कॉन्कॉर्ड' जहाजातून आली आणि जर्मनटाउन वसलं. त्यानंतरची चव्वेचाळीस वर्षं पेनसिल्व्हेनियात उतरणाऱ्या जर्मनांच्या सरकारी याद्या नाहीत. पुढे लोंढा वाढला तसे इंग्रज अधिकारी धास्तावले. सप्टेंबर १७२७ मध्ये प्रांतिक कौन्सिलने ठराव केला, की कप्तानाने प्रवाशांची यादी द्यावी आणि पुरुषांनी राजनिष्ठेची शपथ घ्यावी. त्याच महिन्याच्या २१ तारखेला 'विल्यम अँड सारा' जहाजाच्या लोकांपासून हे सुरू झालं आणि १७७५ पर्यंत चाललं. या याद्या १९३४ मध्ये स्ट्रासबर्गर आणि हिंके यांनी तीन खंडांत छापल्या. मधल्या खंडात फक्त सह्यांची छायाचित्रं आहेत. लोक पहिला खंड चाळतात, नाव सापडलं की मिटतात. खरा ऐवज दुसऱ्या खंडात आहे.

का, ते समजून घ्यायला हवं. एका जहाजाच्या तीनपर्यंत याद्या असू शकतात. पहिली कप्तानाची: त्याने किंवा त्याच्या माणसाने ऐकून लिहिलेली, काही वेळा वय दिलेलं, क्वचित बायकामुलंही. अशा याद्या थोड्याच उरल्या आहेत. दुसरी राजनिष्ठेच्या शपथेची आणि तिसरी इंग्लंडच्या गादीवर स्टुअर्ट घराण्यातल्या दावेदाराचा हक्क नाकारणाऱ्या शपथेची. या दोन्हींवर सोळा वर्षांवरच्या पुरुषांनी स्वतः सही करायची. म्हणजे एकच माणूस एकाच सुमारास तीन प्रकारे लिहिलेला सापडतो. कप्तानाच्या यादीत समजा 'जेरिक बोमन' आहे. शपथेच्या कागदावर त्याच जागी थरथरत्या पण स्वच्छ जर्मन अक्षरात 'यॉर्ग बाउमान' असं असतं. खरं नाव दुसरं. ज्याला लिहिता येत नसे त्याचं नाव कारकून लिहायचा आणि नाव-आडनावाच्या मध्ये तो माणूस खूण करायचा: कुणाची साधी फुली, कुणाचं नावाचं पहिलं अक्षर. ही खूण जपून ठेवावी. तीस वर्षांनी मृत्युपत्रावर तसंच वेडंवाकडं अक्षर दिसलं तर माणूस तोच असण्याची शक्यता बरीच वाढते. उलट, यादीत सफाईदार सही आणि मृत्युपत्रावर फुली असेल तर मात्र थांबून विचार करावा. मरणपंथाला लागलेला माणूस फुली करू शकतो हे खरं. पण त्याच नावाचा दुसराही कुणी असू शकतो.

आणखी एक बारीक गोष्ट. सोळावरच्या पुरुषाचं कप्तानाच्या यादीत नाव आहे आणि शपथेच्या यादीत नाही, असं झालं तर तो बहुधा आजारी होता किंवा जहाजावरच वारला होता. कोर्टापर्यंत चालत येऊ शकणारेच सही करत. आणि सही करताना ओळखीची माणसं एकामागे एक उभी राहत, म्हणून आपल्या माणसाच्या वरची दहा आणि खालची दहा नावं उतरवून घ्यावीत. आत्ता त्यांचा उपयोग दिसत नाही, पुढे दिसेल.

नावाचं प्रकरण वेगळंच. जर्मन बारशात मुलाला दोन नावं मिळत आणि पहिलं बहुधा शोभेचं. योहान पेटर, योहान गेओर्ग, योहान याकोब, तिघेही सख्खे भाऊ, आणि हाक मारताना पेटर, गेओर्ग, याकोब. त्यातला कुणीही अमेरिकेत 'जॉन' होत नाही. जॉन होतो तो योहानेस, ज्याचं तेवढं एकच नाव आहे. हा एक फरक न कळल्यामुळे कित्येकांच्या वंशवृक्षात भावाच्या जागी भाऊ बसलेला आहे. शिवाय मोठं मूल दगावलं की पुढच्याला तेच नाव देण्याची पद्धत, त्यामुळे एकाच आईबापांचे दोन हान्स गेओर्ग सापडले तर गोंधळून जाऊ नये; पहिला बहुधा गेलेला असतो.

आडनावं बंदरावर कुणी बदलली नाहीत. ती हळूहळू झिजली. नैर्ऋत्य जर्मनीच्या बोलीत ब आणि प, द आणि त, ग आणि क यांत फारसा भेद नाही. इंग्रज कारकून कानाला येईल ते लिहायचा. म्हणून शोधताना आडनाव मोठ्याने म्हणून बघावं आणि या तीन जोड्या उलटसुलट करून पाहाव्यात. आयझेनहाउअरचा आयझेनहॉवर झाला, हुबरचा हूवर. पुढे दोघांच्या वंशात अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष निघाले. काहींचं सरळ भाषांतर झालं: झिमरमानचा कार्पेंटर, श्नायडरचा टेलर. आणि बाईच्या आडनावाला जर्मन पाद्री शेवटी 'इन' लावायचा. 'म्युलरिन' हे वेगळं घराणं नव्हे, ती म्युलरांची मुलगी किंवा सून.

तारखांतही सापळे आहेत. जर्मनीतल्या प्रोटेस्टंट संस्थानांनी १७०० मध्ये नवं पंचांग स्वीकारलं, इंग्रजांनी १७५२ मध्ये. मधली बावन्न वर्षं दोन्ही किनाऱ्यांत अकरा दिवसांचा फरक. शिवाय १७५२ पर्यंत इंग्रजांचं कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होई, म्हणून फेब्रुवारी १७३९ असं लिहिलेलं आपल्या हिशेबाने फेब्रुवारी १७४० असू शकतं. क्वेकर पंथाचे लोक महिन्यांना आकडे देत आणि त्यांचा पहिला महिना मार्च. जर्मन पाद्री 'सात' हा आकडा मांडून पुढे 'बर' लिहायचा, तो सातवा महिना नव्हे, तो सप्टेंबर. तसाच आठचा ऑक्टोबर, नऊचा नोव्हेंबर, दहाचा डिसेंबर. लॅटिन मोजणी. जुलैत जन्मलेलं म्हणून नोंदवलेलं मूल सप्टेंबरचं निघतं आणि मग आईबापांच्या लग्नाचा हिशेब पुन्हा नीट बसतो.

आल्यानंतरची पहिली काही वर्षं बहुतेक माणसं कागदावरून गायब होतात. याचं कारण गूढ नाही. भाडं भरायला पैसे नसतील तर उतरताच त्या माणसाची चाकरी विकली जाई. मोठ्या माणसाची तीन ते सहा वर्षं. मुलांची एकवीस वर्षांचं होईपर्यंत. फिलाडेल्फियाच्या अशा करारांच्या काही वह्या टिकल्या आहेत, त्यात १७७१ ते १७७३ ची सर्वांत कामाची. चाकरी फिटली, थोडे पैसे साठले, की मग जमीन. १७३२ पासून पेनसिल्व्हेनियात शंभर एकरांचा भाव साडेपंधरा पौंड होता, वर एकरी अर्धा पेनी वार्षिक फाळा. आधी जमीन मागणारा वॉरंट, मग मोजणी, मग पेटंट म्हणजे पक्का मालकी हक्क. या तीन कागदांत वीसवीस वर्षांचं अंतर पडू शकतं आणि पेटंट कधी मुलाच्या नावावर निघतं. मोजणीच्या नकाशात चारी बाजूंच्या शेजाऱ्यांची नावं असतात. ती त्या जहाजातल्या दहा-वीस नावांशी ताडून बघावीत. एखादं जुळलं की अंगावर काटा येतो.

काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, हद्दींचं भान इथे ठेवावं लागतं. तुल्पेहॉकन खोऱ्यातला शेतकरी एकाच घरात राहून १७२९ पर्यंत चेस्टर काउंटीचा होता, मग लँकेस्टरचा आणि १७५२ नंतर बर्क्सचा. मृत्युपत्र शेवटच्या काउंटीत, जुने खरेदीखत आधीच्या. "आमचे पूर्वज तीनदा स्थलांतरित झाले" असं सांगणाऱ्यांपैकी कित्येकांचे पूर्वज उंबरठ्याबाहेर पडलेले नसतात.

या सगळ्या कागदांत माझ्या मते सर्वांत मोलाची चर्चची बाप्तिस्म्याची वही. मृत्युपत्रापेक्षाही. कारण तिच्यात मुलाच्या धर्मपित्याचं आणि धर्ममातेचं नाव असतं. जर्मन रिवाजात मुलाचं नाव बहुधा त्यांच्यावरून ठेवलं जाई, जसं आपल्याकडे नाव ठेवायचा मान आत्याचा. परक्याला हा मान कुणी देत नाही. धर्मपिता म्हणजे मामा, काका, मेव्हणा, किंवा त्याच गावाहून आलेला शेजारी. पाच मुलांच्या पाच बाप्तिस्म्यांत दहा माणसं मिळतात. आपल्या माणसाचं गाव माहीत नसलं तरी या दहांपैकी एखाद्याचं कुणीतरी आधीच शोधून ठेवलेलं असतं. मग त्या गावची, आणि ते नाही लागलं तर शेजारच्या चार गावांची वही बघायची. हे लोक सुटे निघत नसत. गावंच्या गावं एकमेकांच्या पत्रांवर भरवसा ठेवून निघत. नाव बदलतं, सोबत बदलत नाही. श्टोएफर नावाचे लुथरन पाद्री घोड्यावरून खोरीच्या खोरी फिरून बाप्तिस्मे आणि लग्नं लावत. त्यांनी स्वतःच्या वहीत केलेल्या १७३० च्या दशकापासूनच्या नोंदी म्हणूनच सोन्यासारख्या आहेत.

मेनोनाइट या प्रोटेस्टंट पंथाच्या घराण्यांना ही वाट बंद. ते लहान मुलांचा बाप्तिस्मा करत नाहीत, त्यामुळे चर्चच्या वहीत त्यांचा जन्मच नाही. त्यांच्यासाठी पॅलाटिनेटमध्ये १६६४ च्या सवलतीनंतर संरक्षणाचा कर वसूल करायला केलेल्या मेनोनाइट कुटुंबांच्या याद्या बघाव्या लागतात.

वर्तमानपत्रांकडे फार कमी लोक वळतात. जर्मनटाउनच्या क्रिस्टोफ झाउअरने १७३९ मध्ये जर्मन वृत्तपत्र सुरू केलं. त्यात नव्याने उतरलेले लोक आधी आलेल्या भावाबहिणींचा शोध घेत जाहिराती द्यायचे, आणि ओळख पटावी म्हणून मूळ गाव लिहायचे. घरात जे कुणी बोललं नाही ते चार ओळींच्या जाहिरातीत छापलेलं असतं. १७४३ नंतरच्या अशा जाहिरातींचं इंग्रजी संकलन छापील मिळतं.

न्यूयॉर्ककडे आलेल्यांची गोष्ट जुनी आणि कागदाच्या दृष्टीने अधिक भाग्याची. १७०९ च्या भयंकर हिवाळ्यानंतर हजारो लोक ऱ्हाइन उतरून लंडनला पोचले. राणी ॲनच्या सरकारने त्यातल्या सुमारे तीन हजारांना १७१० मध्ये न्यूयॉर्कला पाठवलं. आरमारासाठी पाइनच्या झाडांतून डांबर काढायचं, असा बेत. डांबर काही निघालं नाही, पण सरकार त्यांना शिधा देत होतं आणि शिध्याचा हिशेब लागतो. गव्हर्नर हंटरच्या त्या १७१० ते १७१२ च्या खातेवहीत कुटुंबप्रमुख आणि माणसांची संख्या आहे. एका कुटुंबाच्या ओळीत मोठ्यांचा आकडा चारवरून तीनवर आला, की कुणीतरी गेलं, किंवा लग्न करून वेगळं झालं. अनाथ आणि गरीब मुलं गव्हर्नरने कामाला लावली, त्यांचीही यादी आहे. त्यातला एक तेरा वर्षांचा मुलगा छापखान्यात उमेदवारीला बसला. योहान पेटर झेंगर. १७३५ मध्ये त्या वेळच्या गव्हर्नरवर टीका छापल्याबद्दल त्याच्यावर खटला झाला आणि ज्युरीने त्याला सोडलं. त्याच जथ्यात कोनराड वायझर होता, पुढे इरोक्वाय हे मूळ अमेरिकन लोक आणि पेनसिल्व्हेनिया सरकार यांच्यातला दुभाष्या. त्याने आपल्या मुलांसाठी हकिकत लिहून ठेवली: आई कुठे पुरली, २४ जून १७०९ ला ग्रोसआस्पाख गाव कसं सोडलं. एका माणसाने दोन पानं लिहिली आणि त्याच्या वंशजांची वर्षानुवर्षांची वणवण वाचली.

गाव मिळालं, निदान संशयित गाव मिळालं, की मग जर्मन बाजू. प्रोटेस्टंट वह्या 'आर्किऑन' या संकेतस्थळावर पैसे भरून बघता येतात, कॅथलिक वह्या 'मात्रिकुला'वर फुकट. कुर्रेंट ही जुनी जर्मन हस्ताक्षराची लिपी शिकल्याशिवाय इलाज नाही. रोज अर्धा तास दिला तर काही आठवड्यांत नावं वाचता येतात. इतर मजकुराला वेळ लागतो. 'ए' हे अक्षर 'एन'सारखं दिसतं, 'यू'च्या डोक्यावर चंद्रकोर असते आणि त्या कोरीवरूनच तो ओळखायचा. काही शब्द पाठच करावेत. लग्नाच्या नोंदीत बापाच्या नावाआधी 'वायलांट' आलं तर तो लग्नाआधीच वारला आहे. त्यामुळे दहा वर्षांनंतरचं त्या नावाचं दफन दुसऱ्या कुणाचं. 'बुर्गर' म्हणजे गावात पूर्ण हक्क असलेला, 'हिंटरझास' म्हणजे राहू दिलेला पण हक्क नसलेला. परदेशी जायला बहुधा दुसराच आधी तयार होई.

मूल सापडल्याचा आनंद झाला की लगेच त्याला मारायचा प्रयत्न करायचा. म्हणजे त्या जन्माच्या पुढे वहीतली दफनं वाचत जायचं. मूल दोन वर्षांचं असताना वारलं असेल, किंवा तोच माणूस १७५० मध्ये त्याच गावात लग्न करून नांदत असेल, तर तो आपला नाही. आपला माणूस असा हवा, की जहाजाच्या तारखेनंतर गावातून त्याचा माग पूर्ण पुसला गेला आहे. एवढं करून मग पानाच्या समासात बघावं. कधीकधी पाद्रीने तिथे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं: नव्या देशी गेला.

सगळीकडे हे भाग्य नाही. फ्रेंच फौजांनी १६८९ मध्ये हायडेलबर्ग, मानहाइम, श्पायर, वोर्म्स जाळलं आणि पॅलाटिनेटच्या कित्येक गावांच्या जुन्या वह्या त्या धामधुमीत गेल्या. आणि ज्या टिकल्या त्यांत १६५० नंतर अचानक नवी आडनावं दिसू लागतात, कारण तीस वर्षांच्या युद्धाने ओस पडलेल्या जमिनीवर स्वित्झर्लंडहून शेतकरी येऊन बसले होते. हूवरांचे हुबर पॅलाटिनेटहून निघाले खरे, पण त्याआधी ते स्विस होते. असं झालं की शोध पुन्हा पहिल्या पायरीवर: आता कुठलं स्विस गाव?

डीएनए चाचणीवर फार भिस्त ठेवू नये. आठ पिढ्या मागे २५६ पूर्वज असतात. त्यातल्या एकाचा अंश आपल्यापर्यंत पोचलाच असेल असं नाही. बापाकडून मुलाकडे जाणाऱ्या वाय गुणसूत्राची चाचणी मात्र आडनावाच्या दोन शाखा एक आहेत की नाहीत हे बऱ्यापैकी सांगते.

शेवटी राहतात सरकारी दफ्तरं. नैर्ऋत्य जर्मनीतले बरेच शेतकरी जमीनदाराचे बांधलेले कूळ होते. गाव सोडायचं तर आधी मुक्तता विकत घ्यायची, आणि नेत असलेल्या मालमत्तेवर वेगळा कर, बहुधा दहावा हिस्सा. या वसुलीच्या नोंदी कार्ल्सरूह, श्पायर, श्टुटगार्टच्या अभिलेखागारांत आहेत. जे गुपचूप पळाले ते इथे सापडत नाहीत. पण व्युर्टेम्बर्गमध्ये आणखी एक वही आहे. तिथे लग्नाच्या वेळी आणि मरणानंतर घरातल्या प्रत्येक वस्तूची यादी व्हायची: गाय, नांगर, चादरी, तांब्याची भांडी, बायबल, आणि वाटणीसाठी प्रत्येक वारसाचं नाव, वय आणि ठावठिकाणा. बाप १७५८ मध्ये वारला तर मुलांच्या रांगेत तिसरा असतो हान्स गेओर्ग, आणि त्याच्या नावापुढे 'पेनसिल्व्हेनियात' एवढा एकच शब्द. त्याचा हिस्सा गावाने नेमलेल्या पालकाच्या ताब्यात ठेवला जातो. पुढची पानं उलटत राहावीत. काही वर्षांनी अमेरिकेहून माणसं न्यायला येणारा एखादा दलाल तो हिस्सा मागायला गावात उभा राहतो, हातात फिलाडेल्फियाहून आणलेलं मुखत्यारपत्र. त्याच्या तळाशी हान्स गेओर्गची सही असते. ती दुसऱ्या खंडातल्या सहीशेजारी ठेवून बघायची.